घरचा हंगाम आणि पाहुण्यांची मालिका

पावसाळा सरतो, मैदानांवरील ओल सुकू लागते आणि ऑक्टोबर महिन्यात क्रिकेटरसिकांचे लक्ष एकाच वेळी दोन दिशांना लागते. एकीकडे परदेशी पाहुण्या संघाच्या आगमनाची वार्ता असते. दुसरीकडे रणजी करंडकाच्या नव्या हंगामाचे वेळापत्रक जाहीर झालेले असते. वृत्तपत्रांत पहिल्या वार्तेस मोठा मथळा लाभतो, छायाचित्रे लाभतात. दुसरीच्या वाट्यास पानाच्या तळाशी बारीक टाइपातील काही ओळी येतात. त्यामुळे ह्या दोन गोष्टींचा परस्परांशी फारसा संबंध नाही, असा समज सहजच होतो. वस्तुतः तो खरा नाही. कसोटी मालिकेचा जो निकाल लागतो, त्याची तयारी किंवा त्या तयारीतील उणीव, त्या बारीक टाइपातच पुष्कळदा आधी छापून गेलेली असते. नव्या हंगामाकडे कसे पाहावे हे समजून घ्यावयाचे, तर 2024-25 चा हंगाम तपासून पाहणे उपयुक्त ठरेल; कारण हे नाते त्या एका वर्षात विलक्षण स्पष्टपणे दृष्टीस पडले.

तीन सामने, तीन खेळपट्ट्या

त्या वर्षी रणजी करंडकाचे सामने 11 ऑक्टोबर 2024 रोजी सुरू झाले आणि पाचच दिवसांनी बंगळूर येथे न्यूझीलंडविरुद्धची तीन कसोटी सामन्यांची मालिका सुरू झाली. पाहुणा संघ श्रीलंकेत गॉल येथील दोन्ही कसोटी सामने गमावून आला होता. भारताने मात्र 2012 च्या अखेरीस इंग्लंडकडून हार पत्करल्यानंतर मायदेशात सलग अठरा मालिका जिंकल्या होत्या. त्यामुळे मालिकेचा निकाल जणू ठरलेलाच आहे, असे जाणकारांसही वाटत होते.

प्रत्यक्षात घडले ते निराळेच. बंगळूरला पहिला दिवस पावसाने वाया गेला. आच्छादनाखाली राहिलेल्या खेळपट्टीत ओल होती, आकाश ढगाळ होते. तरीही नाणेफेक जिंकून भारताने फलंदाजी पत्करली आणि सर्व संघ अवघ्या 46 धावांत बाद झाला. मायदेशातील कसोटी सामन्यात भारताची ही सर्वांत कमी धावसंख्या होय. दुसऱ्या डावात सर्फराज खानच्या 150 आणि ऋषभ पंतच्या 99 धावांमुळे 462 पर्यंत मजल गेली, परंतु सामना आठ गडी राखून न्यूझीलंडने जिंकला. भारतभूमीवर त्या देशाला कसोटी विजय मिळाला तो 1988 नंतर प्रथमच.

पुण्याला खेळपट्टी काळ्या मातीची होती. अशा खेळपट्टीवर चेंडूस उसळी कमी मिळते, तो खाली राहतो आणि संथपणे वळतो. तेथे फलंदाजास घाई करून चालत नाही. चेंडू आपल्यापर्यंत येण्याची वाट पाहावी लागते. मिचेल सँटनर ह्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने वेग कमी-अधिक करीत दोन डावांत मिळून तेरा गडी बाद केले. कसोटीच्या एका डावात पाच बळी घेण्याचा योगही त्याच्या वाट्यास त्यापूर्वी आला नव्हता. विराट कोहलीसारखा अनुभवी फलंदाज त्याच्या एका खालच्या फुलटॉस चेंडूवर त्रिफळाचीत झाला. भारत 113 धावांनी हरला आणि बारा वर्षांची अजिंक्य परंपरा खंडित झाली.

मुंबईच्या वानखेडे मैदानावरील खेळपट्टी लाल मातीची. ती कोरडी पडली की वरचा थर लवकर सुटतो; चेंडू उसळतो आणि झपाट्याने वळतो. येथे जिंकण्यास 147 धावा हव्या असताना भारताचा डाव 121 धावांत संपला. एजाझ पटेलने सामन्यात अकरा गडी टिपले. ह्या गोलंदाजाचा जन्म मुंबईचाच. 2021 साली ह्याच मैदानावर त्याने भारताच्या एका डावातील दहाच्या दहा गडी बाद केले होते. तीन किंवा अधिक सामन्यांच्या मालिकेत मायदेशी सर्वच सामने गमावण्याचा प्रसंग भारतावर तोपर्यंत कधीही आला नव्हता.

तीन सामने, तीन प्रकारच्या खेळपट्ट्या आणि तिन्ही ठिकाणी पराभव. हा केवळ दुर्दैवाचा भाग म्हणता येत नाही. फिरकीस अनुकूल खेळपट्टी ही भारतीय फलंदाजाची जन्मभूमी, असे पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले; तेथेच तो अडखळू लागला. ह्याचे कारण शोधताना दृष्टी पुन्हा रणजी करंडकाकडे वळते.

वॉशिंग्टन सुंदर आणि इतर

बंगळूरचा सामना चालू असताना दिल्ली येथे तमिळनाडू आणि दिल्ली ह्यांचा रणजी सामना चालला होता. तमिळनाडूकडून वॉशिंग्टन सुंदरने त्यात 152 धावा केल्या. मार्च 2021 नंतर त्याला कसोटी खेळावयास मिळाली नव्हती आणि ह्या मालिकेसाठी निवडलेल्या संघातही त्याचे नाव नव्हते. बंगळूरच्या पराभवानंतर त्याला बोलावणे आले आणि त्या रणजी सामन्यानंतर लगोलग तो पुण्याला कसोटीत उतरला. त्याने पहिल्या डावात 59 धावांत सात व दुसऱ्या डावात 56 धावांत चार गडी बाद केले. पराभवाच्या त्या सामन्यात भारताच्या बाजूने उल्लेखनीय असे जे काही घडले, त्यात ही कामगिरी अग्रभागी होती. सर्फराज खानचेही असेच. कसोटीतील 150 धावांच्या आधी काही दिवस त्याने इराणी करंडकाच्या सामन्यात मुंबईकडून नाबाद 222 धावा केल्या होत्या. घरच्या हंगामातून आलेल्या खेळाडूंचे हात तापलेले होते, एवढे तरी ह्यावरून निश्चित म्हणता येईल.

दुसऱ्या टोकाचे चित्र पाहिले म्हणजे ह्या गोष्टीचे महत्त्व अधिक पटते. संघाचा कर्णधार रोहित शर्मा मुंबईकडून शेवटचा रणजी सामना खेळला होता 2015 साली. विराट कोहली दिल्लीकडून खेळला होता 2012 साली. ह्यात त्यांचा दोष किती आणि वेळापत्रकाचा किती, हा स्वतंत्र प्रश्न आहे. वर्षाचे बाराही महिने कोठे ना कोठे खेळणाऱ्या खेळाडूच्या शरीरास विश्रांती लागते, हे कोणीही नाकारणार नाही. तथापि चार दिवसांच्या सामन्यात, रिकाम्या मैदानात, अनोळखी फिरकी गोलंदाजाच्या षटकामागून षटके खेळून काढण्याची जी सवय, ती वीस षटकांच्या झटपट क्रिकेटमध्ये लागत नाही. आणि सवय सुटली की केवळ नावलौकिकावर ती परत येत नाही.

त्यानंतरच्या ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात भारताने पर्थचा सामना 295 धावांनी जिंकला खरा, परंतु मालिका 3-1 अशी गमावली. जानेवारी 2025 मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने खेळाडूंसाठी नवे नियम केले आणि राष्ट्रीय संघात यावयाचे, तर देशांतर्गत सामने खेळले पाहिजेत, असा दंडक घातला. परिणामी त्या महिन्यात एक दुर्मीळ दृश्य दिसले. 23 जानेवारीपासून मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर रोहित शर्मा जम्मू-काश्मीरविरुद्ध खेळावयास उतरला. त्याने 3 आणि 28 धावा केल्या. शार्दूल ठाकूरने दुसऱ्या डावात 119 धावा करूनही गतविजेत्या मुंबईला जम्मू-काश्मीरने पाच गडी राखून हरविले. आठवड्याने दिल्लीत कोहलीचा खेळ पाहण्यास दहा हजारांहून अधिक प्रेक्षक लोटले. रेल्वे संघाच्या हिमांशू सांगवानने त्याला 6 धावांवर त्रिफळाचीत केले. मे 2025 मध्ये दोघेही कसोटी क्रिकेटमधून निवृत्त झाले.

ह्या दोन सामन्यांचा अर्थ कित्येकांनी असा लावला की, मोठे खेळाडू लहान मैदानावर फसले. खरा अर्थ उलट बाजूने घ्यावयास हवा. ज्यास लहान मैदान म्हटले जाते, तेथील गोलंदाजी एवढी लहान नाही. तेथील गोलंदाजाला वर्षातून सात-आठच संधी मिळतात आणि प्रत्येक चेंडू तो त्या भानाने टाकतो.

एका धावेचे मोल

घरच्या हंगामाची रचना ध्यानात घेतल्याविना त्याची रंगत कळत नाही. 2024-25 मध्ये एकूण 38 संघ होते. त्यांपैकी 32 संघ वरच्या श्रेणीत, प्रत्येकी आठ संघांच्या चार गटांत विभागलेले. उरलेले सहा प्लेट गटात. साखळी सामने चार दिवसांचे. निर्णायक विजयास सहा गुण. विजय डावाने अथवा दहा गडी राखून मिळविल्यास एक गुण अधिक. सामना अनिर्णित राहिला, तर पहिल्या डावात आघाडी मिळविणाऱ्यास तीन आणि पिछाडीस पडणाऱ्यास एक गुण. बाद फेरीत सामना पाच दिवसांचा होतो आणि अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावातील आघाडीवरच निकाल लागतो.

ह्या शेवटच्या नियमामुळे पहिला डाव हा एक स्वतंत्र सामनाच बनतो. पुण्यातील उपान्त्यपूर्व सामन्यात जम्मू-काश्मीरने पहिल्या डावात 280 धावा केल्या आणि केरळने 281. त्या एका धावेवर केरळ पुढे गेला. अहमदाबादच्या उपान्त्य सामन्यात केरळच्या 457 धावांना उत्तर देताना गुजरातचा अखेरचा गडी 455 वर बाद झाला. तोही कसा? फलंदाजाने जोराने मारलेला चेंडू शॉर्ट लेगला उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटवर आदळून उंच उडाला आणि स्लिपमध्ये झेलला गेला. गोलंदाज होता नागपूरचा, त्या वर्षी केरळकडून खेळणारा आदित्य सरवटे. दोन धावांच्या आघाडीवर केरळ प्रथमच अंतिम सामन्यात पोहोचला. नागपूरला विदर्भाने 37 धावांच्या आघाडीवर करंडक जिंकला. दानिश मालेवारचे शतक आणि करुण नायरची दुसऱ्या डावातील शतकी खेळी त्यात मोलाची ठरली. विदर्भाच्याच हर्ष दुबेने त्या हंगामात 69 बळी घेऊन एका रणजी हंगामातील बळींचा नवा उच्चांक केला.

पाच-पाच दिवस खेळून एका धावेवर निकाल लागतो, तेव्हा खेळाडूच्या अंगी एक कठोर शिस्त येते. अखेरच्या जोडीने काढलेली प्रत्येक धाव मोजावी लागते. यष्टीबाहेरचा चेंडू सोडून देणे हेही कर्तृत्व ठरते. कसोटी क्रिकेटला ह्याच गुणांची गरज असते.

इंदूर, बडोदे, हैदराबाद, गोवा

ह्या स्पर्धेचे वैभव केवळ मुंबईने वाढविले असे नव्हे. 1934-35 मध्ये सुरू झालेल्या रणजी करंडकाच्या पहिल्या दोन दशकांत इंदूरच्या होळकर संघाने दहा वेळा अंतिम सामना गाठला आणि 1945-46, 1947-48, 1950-51 व 1952-53 असा चारदा करंडक जिंकला. कर्नल सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे अशी नररत्ने त्या संघात खेळली. बडोद्याने आजवर पाच वेळा हा मान मिळविला. 1946-47 च्या अंतिम सामन्यात त्याच होळकर संघाविरुद्ध बडोद्याचे तीन गडी 91 धावांत बाद झाले असता विजय हजारे आणि गुल महंमद ह्यांनी चौथ्या गड्यासाठी 577 धावांची भागी रचली. गुल महंमदच्या 319 धावा, हजाऱ्यांच्या 288. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये कोणत्याही गड्यासाठीची सर्वांत मोठी भागी म्हणून ती 2006 पर्यंत अबाधित राहिली. हैदराबादने 1937-38 व 1986-87 मध्ये विजय मिळविला. बेळगावकर ज्याचे सामने आपुलकीने पाहतात, त्या कर्नाटकाने 1973-74 च्या उपान्त्य सामन्यात मुंबईची सलग पंधरा वर्षांची विजयपरंपरा थांबविली.

होळकर संघ 1954-55 नंतर इतिहासजमा झाला. त्या भूमीकडे करंडक परतण्यास जून 2022 उजाडले. बंगळूरच्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशाने मुंबईस सहा गडी राखून हरविले. संघाचे प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित. 1998-99 मध्ये त्याच मैदानावर मध्य प्रदेशाचे कर्णधार म्हणून त्यांना अंतिम सामन्यात पराभव पाहावा लागला होता. तेवीस वर्षांनी ते ऋण फिटले.

गोव्याने तर नोव्हेंबर 2024 मध्ये हजारे-गुल महंमद जोडीचीच आठवण करून दिली. पर्वरी येथे अरुणाचल प्रदेशाविरुद्ध स्नेहल कवठणकर (नाबाद 314) व कश्यप बखले (नाबाद 300) ह्यांनी तिसऱ्या गड्यासाठी अभेद्य 606 धावा जोडल्या. रणजी करंडकातील ही सर्वांत मोठी भागी होय. तत्पूर्वीचा 594 धावांचा उच्चांक 2016 मध्ये महाराष्ट्राच्या स्वप्नील गुगळे व अंकित बावणे ह्यांनी दिल्लीविरुद्ध केला होता.

येथे वाचकाने मात्र सावध राहावयास हवे. गोव्याच्या त्या धावा प्लेट गटात, 2018-19 मध्येच स्पर्धेत दाखल झालेल्या नवख्या संघाविरुद्ध होत्या. एकाग्रता आणि चिकाटी ह्यांचे श्रेय त्या दोघांना द्यावयासच हवे. परंतु तीनशे धावा आणि तीनशे धावा ह्यांत फरक असतो. प्रतिस्पर्धी कोण होता, खेळपट्टी कशी होती, सामन्याचा रंग कोणता होता, हे पाहिल्यावाचून केवळ आकड्यावर खेळाडूची किंमत ठरविणे अन्यायाचे होते. त्याच हंगामाच्या पहिल्या फेरीत बडोद्याने मुंबईला 84 धावांनी हरविले. त्या सामन्यात कोणाच्याच नावावर त्रिशतक नव्हते. कदाचित त्या लढतीचे वजन म्हणूनच अधिक होते.

सरावाच्या सामन्यांचा लोप

आणखी एक धागा गेल्या काही दशकांत तुटत चालला आहे. पूर्वी परदेशी संघ आला म्हणजे कसोटीखेरीज विभागीय संघांशी व निरनिराळ्या केंद्रांतील संघांशी सामने खेळे. त्यामुळे लहान शहरांतील तरुण खेळाडूस पाहुण्या गोलंदाजाचा सामना प्रत्यक्ष करता येई. फेब्रुवारी 1998 मध्ये ब्रेबोर्न मैदानावर मुंबईने ऑस्ट्रेलियास दहा गडी राखून हरविले, तेव्हा सचिन तेंडुलकरने नाबाद 204 धावा केल्या आणि शेन वॉर्नला एकही बळी मिळू दिला नाही. पुढे चेन्नईच्या कसोटीत सचिनने नाबाद 155 धावा काढल्या आणि ती मालिका भारताने जिंकली. मालिकेचा सूर आधीच्या सामन्यात कसा लागतो, ह्याचे हे नमुनेदार उदाहरण होय. दौऱ्यांचे दिवस आता आखडले आहेत. असे सामने विरळ झाले आहेत. म्हणूनच रणजी करंडकावरील जबाबदारी पूर्वीपेक्षा वाढली आहे.

ही जबाबदारी पार पडली किंवा नाही, ह्याची परीक्षा नोव्हेंबर 2025 मध्ये पुन्हा झाली. ऑक्टोबरात वेस्ट इंडिजला दोन्ही सामन्यांत हरविणारा भारतीय संघ दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कोलकात्याला 124 धावांचा पाठलाग करताना 93 धावांत गारद झाला आणि गुवाहाटीला 408 धावांनी हरला. दोन्ही ठिकाणी सायमन हार्मर ह्या फिरकी गोलंदाजाने भारतीय फलंदाजांना नामोहरम केले. हार्मर हा काही एका रात्रीत उगवलेला तारा नव्हे. 2017 पासून इंग्लंडमधील एसेक्स परगण्याकडून तो हंगामामागून हंगाम चार दिवसांचे सामने खेळत आला होता. ज्या शाळेत भारतीय फलंदाज जाईनासे झाले होते, तशाच शाळेत तो वर्षानुवर्षे धडे गिरवीत होता.

नवा हंगाम उगवतो, तेव्हा रसिकाने म्हणूनच काही गोष्टींकडे मुद्दाम लक्ष द्यावे. आपल्या प्रांताच्या संघात मधल्या फळीचा कोणता फलंदाज चौथ्या दिवसाच्या खेळपट्टीवर तग धरतो. कोणता फिरकी गोलंदाज वीस षटके टाकल्यानंतरही टप्पा सोडत नाही. पहिल्या डावाच्या आघाडीसाठी तळाचे फलंदाज कितपत झुंजतात. आणि राष्ट्रीय संघातील खेळाडू मोकळे असताना आपल्या संघाकडून उतरतात किंवा नाही. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि जानेवारीनंतर असा दोन भागांत विभागला जातो, तेव्हा पहिल्या भागात चमकलेला खेळाडू दुसऱ्या भागात टिकतो काय, हेही पाहण्यासारखे असते.

इंदूर, बडोदे, हैदराबाद, पर्वरी, बेळगाव येथील रसिकांना ह्यासाठी फार दूर जावयास नको. सामना पुष्कळदा त्यांच्याच गावात असतो आणि बसावयास जागाही भरपूर असते. कसोटी सामन्याच्या दिवशी लक्षावधी लोक आकाशवाणीस कान लावतात, दूरचित्रवाणीपुढे बसतात. त्यांच्यापैकी काही जण ह्या रिकाम्या बाकांवर येऊन बसले, तर तेथे घाम गाळणाऱ्या तरुणाच्या खेळास बळ येईल आणि पुढील पाहुण्यांच्या स्वागतासाठी घरचा संघ अधिक तयार राहील.